एन-६४ चं घरगुती पोर्टेबल बॅटरीवर पंचवीस मिनिटांत गोठतंय, अडॅप्टरवर मात्र ठणठणीत

अर्धवट_सोल्डर:

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसता वाचक होतो, आज पहिल्यांदा लिहितोय कारण आता डोकं चालेनासं झालंय. लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

माझ्याकडे एक निन्टेन्डो ६४ पडून होतं, वरची केस तडकलेली, पॉवरचं बटण तुटलेलं, पण आतला बोर्ड धडधाकट. चांगल्या मशीनला करवत लावायचं पाप नको म्हणून हेच घेतलं आणि हातात धरून खेळता येईल असं पोर्टेबल करायला काढलं. आतापर्यंत झालंय ते असं की बोर्ड बाहेर काढला, धातूची शील्डं काढली, कॅसेटचा स्लॉट डिसोल्डर केला (यातच दोन रात्री गेल्या, एक पॅड, म्हणजे बोर्डावरची सोल्डर करायची तांब्याची टिकली, उखडला, तो वरून तार टाकून जोडला) आणि वायरींनी मागच्या बाजूला नेला. कंट्रोलरचा बोर्ड काढून बटणं दोन्ही हातांकडे वाटली. स्क्रीन म्हणजे गाडीच्या रिव्हर्स कॅमेऱ्याला लावतात तो पाच इंची, काँपोझिट इनपुटवाला. सगळं टेबलावर पसरलेलं आहे, केस अजून पुठ्ठ्याचीच.

पॉवरचं सांगतो. मूळ अडॅप्टरवर दोन लाइनी लिहिल्यात, ३.३ व्होल्ट २.७ अँपिअर आणि १२ व्होल्ट ०.८ अँपिअर. मी जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले दोन १८६५० (लिथियमचे गोल) सेल पॅरलल जोडले, त्यांना प्रोटेक्शनवालं टीपी४०५६ चार्जिंग बोर्ड, तिथून व्होल्टेज खाली उतरवणारा एक छोटा बक कन्व्हर्टर ३.३ वर सेट केलेला आणि वर चढवणारा एक बूस्ट कन्व्हर्टर १२ वर. त्या १२ वरच कन्सोलची दुसरी लाइन आणि स्क्रीन दोन्ही चालतात. बकच्या पाकिटावर इनपुट २.७ ते ५.५ व्होल्ट लिहिलंय, म्हणजे सेल भरलेला ४.२ असो की उतरून ३ वर येवो, चालायला हवा ना?

आता रडगाणं. सेल पूर्ण चार्ज करून चालू केलं की लोगो येतो, गेम लागतो, मस्त चालतो आणि बरोबर वीस-पंचवीस मिनिटांनी चित्र गोठतं, आवाज एकाच सुरावर घूं करत अडकतो. बंद करून लगेच चालू केलं तर काळी स्क्रीन. दहा मिनिटं तसंच ठेवलं तर परत लागतं, पण दोनच मिनिटं. मूळ अडॅप्टर जोडला की तीन-तीन तास खेळलोय, एकदाही अडकलं नाही. अजून एक गंमत, स्क्रीनचा ब्राइटनेस एकदम कमी केला की पंचवीसऐवजी चाळीस मिनिटं निघतात. आणि गोठतं ते बहुतेक वेळा गेममध्ये एकदम धुमश्चक्री चालू झाली की.

सेल संपले म्हणावं तर मल्टीमीटर लावला की ३.७ च्या आसपास दाखवतोय, म्हणजे अर्धे भरलेले आहेत. मग घोडं कुठं पेंड खातंय?

जाता जाता दुसरा प्रश्न. समोरच्या झाकणाखाली तो जंपर पॅक असतो ना, तो नुसता रिकामा ठोकळा आहे असं वाचलंय. काढून टाकला तर केस चांगली बारीक होईल. काढू का?

गरम_डोकं:

शील्डं काढली म्हणालात तिथंच माझी पाल चुकचुकली. एन-६४ मध्ये पंखा नाही, सगळी उष्णता त्या धातूच्या पत्र्यातून जाते, चिप आणि पत्रा यांच्या मध्ये थर्मल पॅड असतात. सीपीयू ९३.७५ मेगाहर्ट्झचा, त्याच्या शेजारी ग्राफिक्स-साउंडवाली आरसीपी चिप आणि मग रॅम, हे तिघंही तापतात. पत्रा काढला म्हणजे तिघांनाही उघड्यावर सोडलंत. पंचवीस मिनिटं चालून गोठणं, दहा मिनिटं थंड झाल्यावर पुन्हा चालणं, हे सरळसरळ उष्णतेचं लक्षण आहे. २ मिलिमीटरची अॅल्युमिनियमची पट्टी कापा, चिपांवर पॅड ठेवून दाबून बसवा, प्रश्न मिटेल.

आणि चिपला बोट लावून बघा, पण ओझरतं. मी एकदा नीट लावलं होतं.

ओहमचा_शिष्य:

गरम_डोकं यांची पट्टी लावाच, ती हवीच आहे, पण गोठण्याचं कारण ते नाही असं मला वाटतं. उष्णतेमुळे असतं तर अडॅप्टरवरही गोठलं असतं, तीच चिप तेवढीच तापतेय की. शिवाय स्क्रीनचा ब्राइटनेस कमी केल्यानं सीपीयू थंड कसा होईल? ब्राइटनेसचा संबंध फक्त एकाच गोष्टीशी आहे, बॅटरीतून किती करंट ओढला जातोय त्याच्याशी. आणि दहा मिनिटं ठेवलं की परत चालतं ते चिप थंड होते म्हणून नाही, लोड काढला की लिथियम सेलचं व्होल्टेज थोडं वर येतं म्हणून. ते वर आलेलं दोन मिनिटांत पुन्हा बसतं.

खात्री करायची तर सोपी चाचणी. गोठलं की अजिबात वेळ न घालवता बॅटरी सोडवून त्याच तापलेल्या बोर्डाला मूळ अडॅप्टर लावा. लगेच चालू झालं तर उष्णता निर्दोष सुटली.

आता खरं दुखणं. त्या बकच्या पाकिटावरचं २.७ ते ५.५ वाचून तुमची फसगत झालीय, आणि यात बरेच जण फसतात, मीही फसलोय. २.७ चा अर्थ एवढाच की तेवढ्या व्होल्टेजला ती चिप जिवंत असते. २.७ मधून ती ३.३ काढून देईल असं त्यात कुठंही म्हटलेलं नाही. बक म्हणजे खाली उतरवणारा, तो वर चढवू शकत नाही. आत ३.३ पेक्षा थोडं जास्त येत असेल तोवरच बाहेर ३.३ मिळतं, आत ३.४ च्या खाली गेलं की बाहेर मिळतं ते जेवढं आत येतंय त्यातून त्याचा स्वतःचा वाटा वजा करून.

पण मीटर तर ३.७ दाखवतोय, असं म्हणाल. तुम्ही मोजलंत केव्हा? बंद झाल्यावर, आणि थेट सेलच्या टोकांना. चालू असताना मोजा, आणि एका जागी नाही, चार जागी: सेलच्या टोकांना, प्रोटेक्शन बोर्डाच्या आउटपुटला, बकच्या आउटपुटला आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कन्सोलच्या बोर्डावर जिथं ३.३ ची वायर सोल्डर केलीय तिथं. काळी प्रोब प्रत्येक वेळी त्याच जागच्या ग्राउंडला लावा, एकाच ठिकाणी अडकवून ठेवू नका, कारण ग्राउंडच्या वायरमध्येही तेवढंच व्होल्टेज पडतं आणि ते मग दिसतच नाही.

हिशोब करून बघू. ३.३ वर कन्सोल दीड अँपिअर घेतोय असं धरा, म्हणजे साधारण ५ वॉट. १२ वर स्क्रीन आणि बाकीचं मिळून साडेचार वॉट धरा. झाले साडेनऊ, कन्व्हर्टर काही फुकट काम करत नाहीत, १५ टक्के तरी त्यांच्यात जातात, म्हणजे सेलमधून ११ वॉटच्या वर. ३.७ व्होल्टला ते होतात ३ अँपिअर. त्या टिचभर टीपी४०५६ बोर्डातून सतत ३ अँपिअर! त्याच्यावरच्या प्रोटेक्शनच्या मॉसफेटमध्येच (स्विचसारखं काम करणारी चिप) दीड-दोन दशांश व्होल्ट सहज पडत असेल. सेल जुने असतील तर त्यांचा आतला रेझिस्टन्स वाढलेला असतो, तिथं आणखी पडतं. आणि सेल जसा उतरेल तसं तेवढेच वॉट द्यायला करंट अजून वाढतो, म्हणजे ड्रॉप अजून वाढतो. आधीच उल्हास त्यात फाल्गुन मास.

एक विचारायचं राहिलं. बकपासून बोर्डापर्यंत वायर कुठली वापरलीय, आणि किती लांब?

अर्धवट_सोल्डर:

साहेब, साष्टांग नमस्कार घ्या.

आधी वायरचं सांगतो म्हणजे तुम्ही हसून घ्याल. कॅसेट स्लॉटसाठी जी ३० गेजची बारीक वायर आणली होती तीच सगळीकडे वापरलीय, पॉवरलाही. लांबी असेल वीस सेंटिमीटर, कारण टेबलावर पसरायला बरं पडतं.

चाचणी केली. गोठल्याबरोबर अडॅप्टर लावला, पहिल्या झटक्यात लोगो. चिप मात्र चांगलीच तापलेली होती (गरम_डोकं, बोट ओझरतंच लावलं).

मग पुन्हा चार्ज करून, मीटर हातात धरून पंचवीस मिनिटं बसलो, एका हातानं खेळत. गोठायच्या आसपासचे आकडे असे: सेलच्या टोकांना ३.६२, प्रोटेक्शन बोर्डाच्या पुढे ३.४६, बकच्या आउटपुटला ३.२४ आणि कन्सोलच्या बोर्डावर ३.०५. हा शेवटचा आकडा बघून मला वाटलं मीटरच बिघडलाय, दुसरा मागून आणला, तोही तेच म्हणाला.

म्हणजे सेलपासून बोर्डापर्यंत जाता जाता अर्ध्या व्होल्टाहून जास्त वाटेतच गळालं, प्रत्येक टप्प्यावर थोडं थोडं. मी मात्र फक्त दोन टोकं बघत होतो, सेल भरलाय आणि बक ३.३ ला सेट आहे, मग सगळं बरोबर. आता यावर जाड वायर टाकली की झालं, की बाकीचंही उचकायला लागेल?

ओहमचा_शिष्य:

हसलो नाही, माझ्या पहिल्या पोर्टेबलमध्ये हेडफोनची वायर होती पॉवरला.

३० गेजच्या तांब्याच्या वायरचा रेझिस्टन्स मीटरमागे साधारण ०.३४ ओहम. जायचे वीस आणि ग्राउंडचे यायचे वीस, चाळीस सेंटिमीटरचे झाले ०.१३५ ओहम. दीड अँपिअरला ०.२ व्होल्ट. तुमचे ३.२४ आणि ३.०५ यांच्यातला फरक बघा, जवळजवळ तंतोतंत तेवढाच. २२ गेज टाकलीत (गेजचा आकडा लहान म्हणजे वायर जाड) तर त्याच लांबीत ०.०३ पडेल, आणि केसमध्ये बसवताना लांबी निम्मी होईलच.

पण नुसत्या वायरनं अजून वीस-पंचवीस मिनिटं मिळतील, रोग तसाच राहील. ३.३ हवेत आणि बॅटरी ३ ते ४.२ मध्ये फिरणारी, ही जोडीच जुळत नाही. दोन्ही सेल सिरीजमध्ये घ्या. भरलेले ८.४, उतरलेले ६, बकला पूर्णवेळ भरपूर वाव. तेवढेच ११ वॉट आता दीड अँपिअरमध्ये येतात, म्हणजे बकच्या आधीच्या वायरीत आणि प्रोटेक्शनमध्ये पडणारा ड्रॉप निम्मा. सेल दोनच, साठलेली ऊर्जाही तेवढीच, त्यामुळे वजन वाढत नाही. मात्र बक बदलावा लागेल, हा ५.५ च्या वर टिकणार नाही. नवा घेताना ८.४ इनपुट चालतो आणि ३ अँपिअर सतत देतो असा बघा, आणि बोर्डाला जोडायच्या आधी आउटपुट ३.३ आहे हे मोजा, आउटपुट ठरवणारं ते स्क्रूवालं प्रीसेट येताना कुठल्याही आकड्यावर असतं. एकदा ५ व्होल्ट गेले की मग रडून उपयोग नाही. कन्सोलच्या ३.३ च्या पॅडलगत एक ४७० किंवा १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका, धुमश्चक्रीच्या वेळचे करंटचे हिसके तो झेलेल.

आता जिथं चेष्टा नको तो भाग. टीपी४०५६ सिरीजमधल्या दोन सेलना चालत नाही, तो एकाच सेलच्या ४.२ साठी आहे. दोन सेलसाठी ८.४ वर थांबणारा चार्जर आणि दोन सेलचा बीएमएस (सेलवर लक्ष ठेवणारा बोर्ड) लागतो, आणि त्यात बॅलन्सिंग, म्हणजे दोन्ही सेल सारखे भरायची सोय, आहे का ते बघून घ्या, पुष्कळ बोर्डांवर बीएमएस लिहिलेलं असतं पण आत नुसतं प्रोटेक्शन असतं. बॅलन्सिंग नसेल तर एक सेल ४.३ आणि दुसरा ४.१ होऊन एकूण ८.४ च दिसतात, चार्जरला वाटतं सगळं आलबेल. लॅपटॉपमधून काढलेले वेगवेगळ्या तब्येतीचे सेल सिरीजमध्ये लावू नका, एकाच वेळी घेतलेले, एकाच प्रकारचे नवे दोन घ्या, आणि जोडायच्या आधी दोघांचं व्होल्टेज सारखं करा.

सेलला थेट सोल्डरिंग गनही लावू नका, उष्णता आत जाते. निकेलची पट्टी स्पॉट वेल्ड केलेले सेल मिळतात ते घ्या. अजून एक, १८६५० चं अख्खं बाहेरचं डबडं निगेटिव्ह असतं, अगदी पॉझिटिव्हच्या बटणाच्या कडेपर्यंत. मध्ये फक्त ते पातळ प्लास्टिकचं आवरण आणि एक कागदी चकती. ते आवरण कुठं खरचटलेलं असेल आणि तिथूनच पॉझिटिव्हची पट्टी जात असेल तर सरळ शॉर्ट. चकत्या वेगळ्या मिळतात, जास्तीची एक लावा.

सॉफ्टवेअरवाला:

मी जरा उलट बोलतो, राग मानू नका. एवढा खटाटोप कशासाठी? एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर) घ्या, पाच व्होल्टची पॉवर बँक लावा, एचडीएमआयची छोटी स्क्रीन, वर इम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, टाका, एका रविवारात पोर्टेबल तयार. ना कॅसेट, ना वायरींचा गुंता, ना १२ व्होल्ट. मूळ बोर्डवर चालवण्याचा हट्ट म्हणजे मला तरी नाकापेक्षा मोती जड वाटतो.

तारांचं_जंगल:

@सॉफ्टवेअरवाला, रविवार वाचतो हे खरं. मी दोन्ही केलेत. पण आधीच्या पिढीची मशीनं इम्युलेटरवर जितकी सहज चालतात तितकं एन-६४ चालत नाही, ते जड आहे, स्वस्तातल्या बोर्डांवर काही गेम झकास आणि काहींमध्ये आवाज तुटतो, मग सेटिंगच्या मागे लागून रविवारामागून रविवार जातात. आणि खरं सांगायचं तर यांना गेम खेळायचाय असं मला वाटतच नाही, यांना हे बनवायचंय. ज्याला खेळायचंय तो अडॅप्टरवर तीन तास खेळला असता आणि गप्प बसला असता!

@अर्धवट_सोल्डर, तुमच्या जंपर पॅकचं कोणी बोललंच नाही म्हणून लिहितेय. काढू नका. म्हणजे काढून रिकामं ठेवू नका, मशीन चालूच होणार नाही. तो रिकामा ठोकळा नाहीये. एन-६४ ची रॅम रॅमबस प्रकारची, ४ एमबी, तिच्या लाइनवर डेटा ५०० मेगाहर्ट्झच्या वेगानं धावतो, आणि एवढ्या वेगात लाइनचं टोक मोकळं सोडलं तर सिग्नल टोकाला आपटून परत येतो आणि मागून येणाऱ्यात मिसळतो. जंपर पॅकमध्ये त्या टोकाला लावायचे रेझिस्टर आहेत, टर्मिनेशन म्हणतात ते. त्याचीच जागा एक्स्पान्शन पॅक घेतो, त्यात आणखी ४ एमबी आणि स्वतःचं टर्मिनेशन. मी तर म्हणेन एक्स्पान्शन पॅकच ठेवा, डाँकी काँग ६४ आणि मजोराज मास्क त्याच्याशिवाय चालतच नाहीत. उंची कमी करायची तर प्लास्टिकचं आवरण काढून आतला छोटा बोर्ड तेवढा वापरा. पण कॅसेट स्लॉटसारखा तोही वायरीनं लांब न्यायचा विचार करत असाल तर इथंच थांबा. कॅसेटच्या लाइनी त्या मानानं संथ असतात, चार बोटं वायर सहन करतात. रॅमच्या लाइनी नाही करत.

कॅसेटच्या वायरींबद्दलही थोडं. ५० पिना आहेत पण त्यातल्या बऱ्याच ग्राउंडच्या, आणि पत्ता आणि डेटा एकाच १६ लाइनींवरून आळीपाळीनं जातात, म्हणून वाटतं तितक्या वायरी लागत नाहीत. मात्र ग्राउंड एकच जोडून वेळ मारून नेऊ नका, स्लॉटच्या दोन्ही टोकांना द्या. सुट्या वायरींपेक्षा जुन्या हार्ड डिस्कची ८० तारांची चपटी आयडीई केबल फार छान, तिच्यात प्रत्येक सिग्नलच्या शेजारची तार ग्राउंडला जोडता येते आणि सगळ्या सारख्या लांबीच्या राहतात. आणि उखडलेल्या पॅडवरच्या तुमच्या त्या जोडावर गरम गोंदाचा एक थेंब टाका, केस बंद करताना पहिला तोच तुटतो. माझा तुटला होता, तीन वेळा.

कंट्रोलरची स्टिक तुम्ही मूळचीच ठेवलीय का? खूप खेळलेली असेल तर ढिली झालेली असणार. ती बदलताना एक लक्षात घ्या, मूळ स्टिकमध्ये पोटेन्शिओमीटर (फिरवला की व्होल्टेज बदलणारा रेझिस्टर) नाहीत. आत दोन खाचांच्या चकत्या, त्यांच्या आरपार प्रकाश, आणि खाचा मोजून किती सरकली ते कळतं, जुन्या बॉलवाल्या माउससारखं. म्हणून चालू करताना स्टिक जिथं असेल तोच मध्य धरला जातो आणि म्हणूनच एल, आर आणि स्टार्ट एकदम दाबून मध्य पुन्हा लावायची सोय आहे. आताच्या छोट्या स्टिक व्होल्टेज देतात, खाचांचे पल्स देत नाहीत. मध्ये एक छोटा मायक्रोकंट्रोलर ठेवून भाषांतर करावं लागतं, तयार बोर्डही मिळतात.

आवाजाला काय लावलंय? पीएएम८४०३ ही ॲम्पची चिप असेल तर दोन्ही स्पीकरच्या निगेटिव्ह वायरी एकत्र करू नका आणि ग्राउंडलाही लावू नका, त्या ॲम्पच्या दोन्ही टोकांवर सिग्नल असतो, एकही टोक ग्राउंड नसतं. साधा हेडफोनचा जॅक नेमकं तेच करतो. हेडफोन हवा असेल तर सिग्नल ॲम्पच्या आधीच काढा.

गरम_डोकं:

उष्णतेचा आरोप मागे घेतो. पट्टीचा नाही.

अर्धवट_सोल्डर:

तीन आठवड्यांनी परत आलोय, उशीर झाला, नवे सेल आणि बीएमएस यायला वेळ लागला.

सिरीजमध्ये दोन नवे ३००० एमएएचचे सेल, बॅलन्सिंगवाला बीएमएस, नवा बक, पॉवरला २२ गेज, बोर्डाजवळ १००० मायक्रोफॅरड. चालू असताना बोर्डावर मोजलं, सुरुवातीला ३.२९ आणि सेल उतरत आले तेव्हा ३.२८! धुमश्चक्रीत सुद्धा आकडा हलत नाही. एका चार्जवर पावणेदोन तास चालतं, हिशोबानं २२ वॉट-अवर भागिले ११ म्हणजे दोन तास यायला हवे होते, पंधरा मिनिटं कुठं गेली ते शोधतोय. स्क्रीन १२ वर चालवणं हा मूर्खपणा असावा असा संशय आहे, कारण मागचं झाकण उघडल्यावर दिसलं की आत येणारे १२ ती स्वतःच पुन्हा ५ वर उतरवतेय. म्हणजे मी ७.४ चे १२ करतोय आणि ती १२ चे ५ करतेय, दोघंही मिळून बॅटरी जाळतोय.

जंपर पॅक गेला, एक्स्पान्शन पॅक आला, आवरण काढून. आयडीई केबल टाकली, आधी काही कॅसेट तीनदा काढघाल केल्यावर लागायच्या, आता पहिल्यांदाच लागतात. अॅल्युमिनियमची पट्टी बसवली. हेडफोनचा जॅक मी नेमका ॲम्पच्या नंतरच काढलेला होता, नशीब अजून कधी हेडफोन लावला नव्हता.

अडलंय ते स्टिकपाशी. भाषांतराचा बोर्ड लावला, चालतो, पण वरच्या दिशेला पूर्ण ढकलली तरी माणूस पळत नाही, चालतोच. बाकी तिन्ही दिशांना पळतो.

ओहमचा_शिष्य:

स्क्रीनबद्दलचा संशय खरा आहे. तिच्या आतल्या ५ च्या रेग्युलेटरचं आउटपुट शोधा, तो रेग्युलेटर काढा आणि त्या पॅडला तुमच्याकडून थेट ५ द्या. त्यासाठी ७.४ वरून ५ चा आणखी एक बक लागेल, पण ॲम्पलाही तोच चालेल. बॅकलाइट मात्र थेट १२ वरून घेतलेला नाही ना, हे आधी तपासा, काही स्क्रीनमध्ये तो वेगळा असतो. साधा ७८०५ लावायचा मोह टाळा, तो ७.४ मधले २.४ नुसते उष्णतेत घालवतो आणि गरम_डोकं पुन्हा येतील.

तारांचं_जंगल:

फक्त एकाच दिशेला कमी पडतंय म्हणजे भाषांतर बरोबर आहे, मध्य चुकलाय. स्टिक बसवताना ती थोडी वर झुकलेली राहिली असेल, चालू करताना तोच मध्य धरला जातो, मग वर जायला जागाच कमी उरते. चालू असताना स्टिकवरचं बोट काढा, एल, आर आणि स्टार्ट एकदम दाबा आणि मग वर ढकलून बघा. तरी नाही पळाला तर केसचं भोक बघा, स्टिकची मान वरच्या कडेला आपटत असेल. माझ्यात अर्धा मिलिमीटर घासायला लागला होता.

अर्धवट_सोल्डर:

भोकच होतं. पुठ्ठ्याची केस, कात्रीनं अर्धा मिलिमीटर कापला आणि पळाला. तारांचं_जंगल, तुम्ही काय इथं बसून माझा पुठ्ठा बघताय काय!

@सॉफ्टवेअरवाला, पावणेदोन तासांवर तुम्ही काही म्हणायच्या आत सांगतो, सेगानं १९९५ मध्ये स्वतः मेगा ड्राइव्हचं पोर्टेबल काढलं होतं, नोमॅड, त्याला सहा डबल-ए सेल लागायचे आणि तेही दोन-तीन तासांतच मान टाकायचे. मी चांगल्या संगतीत आहे.

आता खरी केस (थ्रीडी प्रिंटरवर) छापायची. बोर्डाच्या कडा कापून अजून बारीक करावा का असा किडा डोक्यात वळवळतोय.

ओहमचा_शिष्य:

चालतोय ना? मग करवत आधी कुलुपात ठेवा आणि केस छापा. कापायचंच असेल तर दुसरा, आधीच मेलेला बोर्ड आणा आणि कुठली लाइन कुठून जाते ते त्याच्यावर बघून घ्या. कडेनं ग्राउंडचा पट्टा फिरलेला असतो, तो एका जागी तुटला की मग पुन्हा मीटर हातात घेऊन एका हातानं खेळत बसाल.